डीजे दिसतोय, पण ऐकू येत नाही: लाइव्ह व्हिडिओ सेट वाटेतच का कापला जातो?

१४ एप्रिल २०२०. लॉकडाउनचा एकविसावा दिवस. सकाळीच तो ३ मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं होतं. एरवी या दिवशी संध्याकाळी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही जा, जयंतीची मिरवणूक असते, पुढे गाडी असते आणि गाडीवर बेस. त्या वर्षी स्टेशनचा रस्तासुद्धा रिकामा होता.

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मग जेवणाच्या टेबलावर कंट्रोलर मांडला, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून फोन उभा केला आणि भीमगीतांचा सेट लाइव्ह सुरू केला. मी बदलापुरात गच्चीवर जाऊन बघत होतो, कारण आमच्याकडे नेट तिथेच नीट चालायचं. दीडेकशे लोक आले होते. आमच्यासारख्यांसाठी हे म्हणजे हाऊसफुल्ल.

अकराव्या मिनिटाला आवाज गेला. चित्र चालूच. मित्र मान डोलावतोय, एका हाताने नॉब फिरवतोय, आणि खाली कमेंटची रांग: आवाज, आवाज, भावा आवाज. मी फोन लावला तर तो म्हणाला, "इथे तर फुल वाजतंय रे!" त्याच्या घरात गाणं वाजतच होतं. ते प्लॅटफॉर्मने वाटेत कापलं होतं.

तेव्हा आम्ही नेटवर्कला शिव्या दिल्या. नंतर कळलं की नेटवर्कचा काही दोष नव्हता. आजही गणपतीत, हळदीत, जयंतीला कोणी स्टेजवरून लाइव्ह गेलं की हेच होतं. असं का होतं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. इंटरनेट रेडिओवर डीजे पहिल्यांदा दिसायला लागले, तिथपर्यंत.

टपालाच्या तिकिटाएवढा व्हिडिओ

१९९५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत रिअलऑडिओ नावाचं सॉफ्टवेअर आलं. त्याआधी नेटवरचं गाणं ऐकायचं म्हणजे पूर्ण फाइल उतरेपर्यंत थांबायचं. रिअलऑडिओने गाणं उतरतानाच वाजवायची सोय केली. यालाच आपण स्ट्रीमिंग म्हणतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं.

त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोचं बीटालाउंज, सिअ‍ॅटलचं ग्रूव्हटेक अशी ठिकाणं उभी राहिली. खोलीत दोन टर्नटेबल, एक मिक्सर, डीजे येऊन तबकड्या वाजवणार आणि ते थेट नेटवर जाणार. ग्रूव्हटेक मुळात तबकड्या विकणारं ऑनलाइन दुकान. डीजे वाजवतोय ते आवडलं तर तिथूनच विकत घ्या, असा सरळ धंदा. १९९७ मध्ये रिअलव्हिडिओ आलं आणि आवाजासोबत चित्र पाठवणं सोपं झालं.

आता गणित करून बघा. तेव्हाच्या चांगल्या मोडेमचा वेग होता २८.८ केबीपीएस. त्यातले २० आवाजाला दिले तर चित्राला उरतात जेमतेम ८. आज तुमच्या फोनवरचा साधा एचडी लाइव्ह २५०० केबीपीएसच्या आसपास चालतो. म्हणजे तेव्हा चित्राला आजच्या तीनशेव्या भागाएवढी जागा होती. टपालाच्या तिकिटाएवढी चौकट, हलता हलता थांबणारे हात, मध्येच बफरिंग.

तरी लोक बघायचे, कारण रेडिओवर न दिसणारी गोष्ट त्यात दिसत होती. एक गाणं दुसऱ्यात शिरताना डीजे नेमकं काय करतो, ते पहिल्यांदा घरबसल्या कळत होतं.

भिंतीला चिकटवलेला वेबकॅम

पुढचा टप्पा २०१० चा. मार्च महिन्यात पूर्व लंडनमधल्या एका जुन्या बॉयलरच्या खोलीत ब्लेझ बेलव्हिल आणि त्याच्या मित्रांनी एक वेबकॅम भिंतीला टेपने चिकटवला आणि यूस्ट्रीम या फुकट सेवेवरून डीजे सेट लाइव्ह सोडला. खोलीवरूनच नाव पडलं, बॉयलर रूम. त्या सुरुवातीच्या मंडळींपैकी फेमी अडेयेमी याने पुढच्याच वर्षी एनटीएस हा ऑनलाइन रेडिओ सुरू केला, तोही आज जगभर ऐकला जातो.

बॉयलर रूमची एक गंमत म्हणजे डीजे लोकांकडे पाठ करून उभा राहतो आणि कॅमेऱ्याकडे तोंड करतो. नाचणारी माणसं त्याच्या मागे दिसतात. म्हणजे खरा प्रेक्षक खोलीतला नाही, स्क्रीनपलीकडचा. एका स्वस्त वेबकॅमने स्टेजची दिशाच फिरवली. भारतातही २०१७ मध्ये दिल्लीत बॉक्सआउट डॉट एफएम हा ऑनलाइन रेडिओ सुरू झाला.

आपल्या पट्ट्यात हे सगळं रेडिओच्या वाटेने आलंच नाही. आपल्याकडे आलं ते फोनवरून. फेसबुक लाइव्ह २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. २५०० केबीपीएसने तासभर लाइव्ह केलं तर साधारण सव्वा जीबी डेटा जातो. आधी हा महिन्याचा कोटा असायचा, आता तो दिवसाच्या पॅकमध्ये बसतो. कल्याण-कर्जत लाइनवरच्या कुठल्याही पोराच्या हातात अचानक टीव्ही स्टेशन आलं.

आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस की भिंत?

इथे आपली एक खास गोष्ट आहे. लंडनमध्ये डीजे म्हणजे माणूस. आपल्याकडे "डीजे लावला", "डीजे बंद केला", "डीजे किती बॉक्सचा आहे" असं आपण बोलतो. म्हणजे आपल्यासाठी डीजे ही स्पीकरची भिंत आहे. आगरी हळदीत, चेटीचंडच्या मिरवणुकीत, महाशिवरात्रीच्या जत्रेत, विसर्जनाला आपल्याला ती भिंत दिसते, तिचा धक्का छातीत बसतो. लॅपटॉपमागे बसलेला पोरगा सहसा गाडीत कुठेतरी आत असतो. त्याचं नाव बॅनरवर असतं, चेहरा कोणाला माहीत नसतो.

लाइव्हमध्ये हे उलटं होतं. ड्रमचा जो ठोका छातीत बसतो तो साधारण ५०-६० हर्ट्झचा असतो. फोनचा एवढासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. त्यामुळे भिंत गायब होते आणि उरतो तो माणूस: त्याचे हात, गाण्यांची निवड, एका ठेक्यातून दुसऱ्यात जाण्याचं टायमिंग. माझ्या मित्राला त्याच्या गल्लीतल्या लोकांनी "तू हे असं करतोस होय?" असं पहिल्यांदा विचारलं ते त्या अकरा मिनिटांनंतर. पाच वर्षं तो मिरवणुकीत वाजवत होता.

म्हणूनच आवाज कापला जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. ज्या जागी हा माणूस पहिल्यांदा कलाकार म्हणून दिसला, तिथेच त्याला म्यूट केलं जातंय.

यंत्र गाणं ओळखतं कसं?

आता माझ्या कामाचा भाग. कोणी माणूस बसून तुमचा लाइव्ह ऐकत नसतो. ओळख पटवतं सॉफ्टवेअर, गाण्याच्या बोटांच्या ठशांवरून.

कल्पना सोपी आहे. आवाजाचा एक नकाशा काढायचा: आडवा वेळ, उभी स्वराची उंची. त्यात जिथे आवाज सर्वात ठळक, तिथे टिंब. आकाशातल्या चांदण्यांसारखा एक नक्षा तयार होतो. दोन टिंबांमधलं अंतर मोजून त्याचा एक छोटा आकडा बनवायचा आणि लाखो गाण्यांच्या आकड्यांशी ताडून बघायचा. शझाम अ‍ॅपमागची ही पद्धत एव्हरी वांग यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. गर्दीचा गोंगाट असला तरी ठळक टिंबं टिकतात, म्हणून हॉटेलच्या कलकलाटातही गाणं ओळखलं जातं.

यूट्यूबची अशीच यंत्रणा कंटेंट आयडी २००७ पासून आहे. संगीत कंपन्या आपली गाणी तिथे नोंदवतात. लाइव्ह चालू असताना जुळणी झाली तर आधी इशारा येऊ शकतो, मग तुमच्या व्हिडिओच्या जागी एक स्थिर चित्र दिसतं आणि गाणं तसंच चालू ठेवलं तर लाइव्ह थांबवलं जाऊ शकतं. इतर प्लॅटफॉर्म आवाज म्यूट करतात.

यंत्राला गाणं कळतं, मिक्स कळत नाही. तुम्ही दोन गाण्यांमध्ये हलगीचा स्वतः बनवलेला ठेका घातलात, टेम्पो बदललात, तीन ओळी उचलून नवीन जागी बसवल्यात, त्यातलं तुमचं किती हे बघायची सोयच त्यात नाही. जुळलं की जुळलं.

गाण्याची पट्टी थोडी वर-खाली करणं, वेग वाढवणं, वर "रिमिक्स" लिहिणं, डिस्क्रिप्शनमध्ये "कॉपीराइट मालकाचा" अशी ओळ टाकणं, हे उपाय तुम्ही ऐकले असतील. पट्टी बदलून कधी यंत्र फसतं, पण त्याने परवानगी मिळत नाही. शिवाय ती यंत्रणा सतत सुधारत असते. आणि ती डिस्क्रिप्शनची ओळ म्हणजे गाणं दुसऱ्याचं आहे याची तुम्हीच दिलेली लेखी कबुली.

रेडिओला कॅमेरा लावला की तो रेडिओ राहत नाही

मग जुने इंटरनेट रेडिओ हे कसं करायचे? इथे खरी मेख आहे, आणि ती तंत्रज्ञानात नाही, कायद्यात आहे.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने इंटरनेट रेडिओसाठी एक तयार परवाना आणला. ठरलेले पैसे भरा, नियम पाळा, प्रत्येक कंपनीकडे वेगळं जायची गरज नाही. नियमही मजेशीर: तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत, एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत. पण हा परवाना फक्त आवाजापुरता. गाणं चित्रासोबत जोडलं की तो वेगळा हक्क होतो आणि त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. म्हणजे तोच डीजे, तीच गाणी, तोच सर्व्हर. फक्त कॅमेरा चालू केला की तयार परवाना संपला.

भारतात तर आवाजापुरतंही हे सोपं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ३१डी घातलं गेलं. त्याने रेडिओ आणि टीव्हीला ठरलेल्या दराने गाणी वाजवायची मुभा दिली. इंटरनेटही यात येतं का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात गेला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नाही येत. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं.

याचा तुमच्या-माझ्यासाठी अर्थ काय? एफएम रेडिओसाठी सरकारी दराचा एक दरवाजा आहे. नेटवर वाजवणाऱ्याला मात्र प्रत्येक हक्कधारकाशी स्वतः बोलणी करावी लागतात. मोठ्या अ‍ॅपकडे त्यासाठी वकील असतात. उल्हासनगरच्या दुकानातून सेकंडहँड कंट्रोलर घेतलेल्या मुलाकडे नसतात.

पण गाणं लिहिणाऱ्याचं काय?

इथपर्यंत वाचून "कंपन्या वाईट" असं वाटत असेल तर जरा थांबा. भीमगीतं असोत की आगरी-कोळी गाणी, ती लिहिणारे आणि गाणारे बहुतेक आपल्यासारख्याच घरांतून आलेत. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. आपल्या कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या रचना २०६४ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. डीजेने ते गाणं फुकट वाजवावं असं म्हणणं म्हणजे एका गरीब कलाकाराचे पैसे दुसऱ्या गरीब कलाकाराला देणं.

उलट उदाहरण बघा. "सुखकर्ता दुःखहर्ता" ही आरती समर्थ रामदासांची, सतराव्या शतकातली. शब्दांवर कोणाचाच हक्क नाही. पण तुम्ही एखाद्या कंपनीचं रेकॉर्डिंग वाजवलंत तर क्लेम येतो, कारण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. तीच आरती मंडळातल्या पोरांनी स्वतः गायली तर प्रश्न नाही. तरी यंत्र चुकून क्लेम टाकू शकतं, तेव्हा न घाबरता डिस्प्यूट करायचा.

मधला मार्ग नसतो असंही नाही. ट्विचने ऑगस्ट २०२४ मध्ये डीजेंसाठी एक योजना आणली. मोठ्या संगीत कंपन्यांशी प्लॅटफॉर्मनेच करार केला, डीजेच्या कमाईतला वाटा कंपन्यांना जातो आणि त्यातला काही भार ट्विच उचलतं. त्यातही एक अट आहे: परवानगी फक्त लाइव्हपुरती, नंतर रेकॉर्डिंग ठेवता येत नाही. पण तत्त्व बरोबर आहे. पैसे कापा, आवाज कापू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे आपल्या गाण्यांसाठीही व्हायला हवं. ज्या प्लॅटफॉर्मच्या यंत्राला कुठलं गाणं किती सेकंद वाजलं हे अचूक कळतं, त्याला त्या सेकंदांचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळवणंही जमायला हवं. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर हे होतंच: कित्येक क्लेममध्ये व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाला जातात. लाइव्हलाच वेगळा न्याय का?

रस्त्यावर डेसिबल, नेटवर ठसा

हा प्रश्न आता महत्त्वाचा, कारण रस्ता आक्रसतोय. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे नियम काटेकोर पाळायचे आदेश दिले, आणि २०१८ मध्ये विसर्जनाला डीजे वाजवू द्या म्हणून गेलेल्या साउंडवाल्यांच्या संघटनेला अंतरिम दिलासा नाकारला. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे त्यांना विचारा, हे योग्यच वाटेल. मलाही वाटतं.

पण मग या मुलांनी जायचं कुठे? लाइव्ह व्हिडिओ ही अशी जागा आहे जिथे शेजाऱ्याची झोप न मोडता हजार लोकांना नाचवता येतं. रस्त्यावर पोलिस डेसिबल मोजणार आणि नेटवर सॉफ्टवेअर ठसा जुळवणार, तर या कामाला उरलेली जागा फार थोडी आहे.

लाइव्ह जायचं असेल तर

कायदा बदलेपर्यंत हातात असलेल्या गोष्टी:

१. फोनच्या माइकवर विसंबू नका. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज आला की स्वतःच दाबतो आणि बाकीचं गोंगाट समजून पुसतो. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून यूएसबी साउंड कार्डमार्फत फोनमध्ये आवाज घ्या. साध्या वायरने माइकच्या जागी जोडलंत तर आवाज फाटेल.

२. डाउनलोड नाही, अपलोडचा वेग तपासा. सेटला लागतो त्याच्या दुप्पट हवा. विसर्जनाच्या गर्दीत टॉवरवर ताण येतो, तेव्हा चित्राची क्वालिटी कमी करा, आवाजाची नको.

३. यूट्यूबवर फोनवरून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. विसर्जनाच्या संध्याकाळी शोधाशोध नको.

४. क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरक ओळखा. क्लेममध्ये पैसे जातात किंवा व्हिडिओ अडतो. स्ट्राइक ९० दिवसांत तीन झाले तर चॅनलच जाऊ शकतं.

५. आपल्याच भागातल्या गाणी बनवणाऱ्यांशी बोला. चाल आणि रेकॉर्डिंग त्यांचं स्वतःचं असेल तर "लाइव्हमध्ये वाजवायला हरकत नाही" असं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, मेलवर. गाणं त्यांनी कोणत्या कंपनीला दिलंय का, तेही विचारा.

६. सेटमध्ये स्वतःचं काही ठेवा: ठेका, हलगी, ढोल, आवाज. यंत्राला न जुळणारा तोच भाग आहे, आणि लोकांच्या लक्षातही तोच राहतो.

माझा मित्र हल्ली असंच करतो. गेल्या वर्षी त्याने तासाभराचा लाइव्ह केला. संबळ आणि हलगी मित्रांकडून वाजवून घेतलेली, चार गाणी ओळखीच्या गायकांची, परवानगी घेऊन. माणसं आली सत्तर, पहिल्यापेक्षा निम्मी. कारण लोकांना ओळखीची गाणी हवी असतात आणि ती त्याच्याकडे नव्हती. आवाज मात्र शेवटपर्यंत होता. सेट संपल्यावर त्याने विचारलं, "नीट आलं ना रे?" नीट आलं होतं. त्याला मोठी गाणी पैसे भरून वाजवायची सोय मिळाली, तर पुढच्या वेळी ते दीडशे परत येतील.